सालिफ केइता यांना क्रीडापानावर जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोपात नाव कमावलेल्या आफ्रिकी फुटबॉलपटूंविषयी आपल्याकडे लिहिले जाते, तेव्हा सुरुवात बहुधा 1990 च्या विश्वचषकातील रॉजर मिला किंवा 1995 मध्ये युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरलेले जॉर्ज विया यांच्यापासून होते. त्यांच्या कितीतरी आधी फ्रान्सची मैदाने गाजवणारे मालीचे सालिफ केइता (याच नावाचे विख्यात गायक वेगळे) मराठी क्रीडापानांवर अभावानेच भेटतात. सप्टेंबर 2023 मध्ये ते निवर्तले, तेव्हाही त्यांच्याविषयी फारसे वाचायला मिळाले नाही, याची खंत वाटते.

1967 साली सेंट-एतिएन क्लबकडून खेळण्यासाठी केइता पॅरिसला उतरले, तेव्हा त्यांना घ्यायला आलेली मंडळी दुसऱ्याच विमानतळावर थांबली होती. देश अनोळखी असूनही न डगमगता त्यांनी टॅक्सी केली आणि सुमारे 500 किलोमीटरवरचे सेंट-एतिएन गाठले. भाडे क्लबने चुकते केले. हा किस्सा पुढे इतका गाजला, की त्यांची खरी कामगिरी त्याआड झाकली जाते. त्यांच्या काळात या क्लबने 1968, 1969 आणि 1970 अशी सलग तीन लीग विजेतेपदे मिळवली. 1970-71 च्या हंगामात त्यांनी 42 गोल केले आणि तरीही मार्से क्लबचे योसिप स्कोब्लार 44 गोल करून त्यांच्या पुढे राहिले. आफ्रिकेतील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार 1970 मध्ये प्रथमच दिला गेला, तो केइता यांनाच.

मला मात्र त्यांचा मोठेपणा गोलांपेक्षा एका नकारात अधिक दिसतो. 1972 मध्ये ते मार्सेला गेले. त्या वेळी फ्रेंच क्लबांना दोनच परदेशी खेळाडू खेळवता येत, आणि मार्सेकडे युगोस्लाव्हियाचे स्कोब्लार व स्वीडनचे रॉजर मॅग्नुसन आधीपासून होते. यावर क्लबने काढलेला तोडगा म्हणजे केइता यांनी फ्रेंच नागरिकत्व घ्यावे. ज्यांच्या जन्माच्या वेळी माली ही फ्रान्सची वसाहत होती आणि 1960 मध्ये ती स्वतंत्र झालेली ज्यांनी किशोरवयात पाहिली, त्या केइतांना हा तोडगा मान्य होण्यासारखा नव्हता. त्यांनी ठाम नकार दिला आणि पुढच्याच वर्षी ते स्पेनमधील वलेन्सिया क्लबकडे गेले. भर उमेदीच्या वयात, गोलांची रास घालत असताना, जम बसलेली लीग सोडणे ही साधी गोष्ट नव्हे. पुढे ते लिस्बनच्या स्पोर्टिंगकडून आणि शेवटी अमेरिकेत खेळले.

निवृत्तीनंतर मायदेशी परतून 1994 मध्ये त्यांनी बामाको येथे आपल्या नावाचे फुटबॉल प्रशिक्षण केंद्र उभारले. रेआल माद्रिदकडून खेळलेले महामादू दियारा आणि बार्सिलोनाकडून खेळलेले, नात्याने सालिफ यांचे पुतणे असलेले सेयदू केइता हे दोघेही त्या केंद्रातून पुढे आले. 2005 ते 2009 या काळात सालिफ यांनी मालीच्या फुटबॉल महासंघाचे अध्यक्षपदही सांभाळले.

आपल्या क्रीडापानाकडे माझी एक विनंती आहे. युरोपातील क्लब एखाद्या आफ्रिकी खेळाडूला करारबद्ध करतात, तेव्हा बातमीत त्याची किंमत ठळकपणे येते; त्याच्या जोडीला तो मायदेशी कोणत्या संघात आणि कोणाच्या हाताखाली घडला, हेही दोन ओळींत द्यावे, आणि आफ्रिकी चषकाच्या निमित्ताने केइता यांच्या पिढीतील खेळाडूंवर एखादी लेखमाला चालवावी.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर