अनोळखी माउली

संपादक महोदय,

पालखी दिवेघाट चढून सासवडला आली, की आमच्या आळीत घरोघरी पिठलं-भाकरी रांधली जाते. यंदा माझ्या चुलतीने एका थकलेल्या वारकरी आजींचे पाय कोमट पाण्याने धुतले, टाचेच्या भेगांत खोबरेल भरलं. नाव-गाव काही विचारलं नाही. ‘माउली’, एवढंच. माझ्या लेखी हीच खरी साधना.

मग एरवी हा भाव जातो कुठे? गेल्या महिन्यात घाटाखाली दुचाकीवरून पडलेला मुलगा रक्तबंबाळ झाला होता. भोवती बघे पुष्कळ, पण ‘पोलिसांची झंझट नको’ म्हणून कुणी पुढे होईना. आम्ही १०८ ला फोन लावला. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्या जखमेवर उपरणं दाबून बसलो. त्याने माझी बाही घट्ट धरून ठेवली होती.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. पोलीस त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत. कीर्तनकार महाराजांनी हे कीर्तनातून आवर्जून सांगावं, ही हात जोडून विनंती.

– एक वाचक, सासवड