ओली भिंत झाकण्याची घाई नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अटलांटिकमधला हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. वादळ किनाऱ्याला धडकेपर्यंत आपल्याकडे बातम्या येतात आणि पाणी ओसरले की विषय संपतो. ह्यूस्टनला २०१७ मध्ये हार्वीने बुडवले, फोर्ट मायर्सला २०२२ मध्ये इयनने. २०२४ मध्ये हेलीनने तर समुद्रापासून दूर, डोंगरातल्या ॲशव्हिलची दैना केली. आपल्या अनेक वाचकांची मुले-भावंडे अमेरिकेतल्या अशा भागांत राहतात. त्यांना इथून फोनवर सल्ला जातो तो ठरलेला: "घर धुऊन घ्या, पंखे लावा, वाळले की रंग मारा." विटा-सिमेंटच्या घरासाठी हे बऱ्याच अंशी ठीक आहे. तिथल्या लाकडी सांगाड्याच्या घरात मात्र असे केले, तर जे पुरातून वाचले तेही हातचे जाते. पूरग्रस्त घरांच्या दुरुस्तीचे काम करणारे म्हणून आम्ही हे कळकळीने लिहीत आहोत.

तिथली भिंत पोकळ असते. उभ्या लाकडी खांबांना, म्हणजे स्टडना, ड्रायवॉलचे तक्ते ठोकलेले असतात आणि बाहेरच्या भिंतींत मधल्या पोकळीत काचतंतूंचे इन्सुलेशन, म्हणजे थंडी-उष्णता अडवणारा थर, भरलेले असते. ड्रायवॉल म्हणजे दोन कागदांमधला जिप्सम. वातीने तेल ओढावे तसा हा तक्ता पाणी वर ओढतो. जमिनीवर फूटभर पाणी होते म्हणून ओलही फूटभरच असेल, हा हिशेब इथे चुकतो. पृष्ठभाग दोन दिवसांत कोरडा लागतो, पण आतले इन्सुलेशन पाणी धरून खाली बसलेले असते. कागद हे बुरशीचे आयते खाद्य आहे आणि ती २४ ते ४८ तासांत धरू लागते. वरून रंग मारला की ओल आत कोंडते. काही आठवड्यांनी वास येतो, मग रंगावर काळे ठिपके उमटतात आणि सगळी भिंत पुन्हा उघडावी लागते.

घरात पाऊल टाकण्याआधी गॅसचा वास येतो का, ते पाहावे. येत असेल तर कुठल्याही बटणाला हात न लावता बाहेर पडावे आणि लांब जाऊन फोन करावा. मुख्य ब्रेकरपर्यंत जायला पाण्यात उभे राहावे लागत असेल, तर तो स्वतः बंद करू नये. पाण्याखाली गेलेले ब्रेकर, सॉकेट आणि गॅस गीझरचा कंट्रोल व्हॉल्व्ह वाळवून पुन्हा वापरायचे नसतात, ते बदलायचेच. जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब हवा आणि त्याचा धूर खिडक्या-दारांच्या उलट दिशेला जायला हवा. गॅरेजचे दार उघडे ठेवून आत चालवला तरी कार्बन मोनॉक्साइड घरात साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि वादळानंतर त्याने जीव जातात. खाऱ्या पाण्यात बुडालेली इलेक्ट्रिक गाडी कित्येक दिवसांनीही पेट घेऊ शकते, म्हणून ती घरापासून ५० फूट दूर नेऊन ठेवावी. तळघर पाण्याने भरले असेल तर पंप लावून एका दिवसात उपसू नये. बाहेरची माती भिजून जड झालेली असते, आतला दाब एकदम गेला तर भिंत आत कोसळते. रोज साधारण एक तृतीयांश पाणी काढावे.

काहीही उचलण्याआधी फोटो घ्यावेत: प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचे (शेजारी मोजपट्टी धरून), फ्रीज-वॉशिंग मशीनच्या मॉडेल आणि सीरियल नंबरच्या पट्टीचे. कार्पेटचा एक तुकडा कापून ठेवावा. विमा कंपनीचा माणूस येईपर्यंत सगळे तसेच ठेवायचे, ही समजूत खर्चात पाडते. नोंद झाली की ओला माल बाहेर काढणे हे मालकाचेच काम आहे. ते न केल्यामुळे वाढलेल्या बुरशीचे पैसे मिळतीलच असे नाही.

आता भिंत. वीज बंद करून पाण्याच्या रेघेच्या किमान एक फूट वर ड्रायवॉल कापावी. तक्ता चार फूट रुंद असतो आणि बहुधा आडवा लावलेला असतो. त्यामुळे पाणी दोन-अडीच फुटांपर्यंत असेल तर सरळ चार फुटांवर कापलेले बरे, नवा तक्ता तिथे अख्खा बसतो. ड्रायवॉल साधारण अर्धा इंच जाड असते. करवतीचे पाते तेवढेच खोल ठेवावे, नाहीतर मागची वायर किंवा पाइप कापला जातो. ओले इन्सुलेशन वाळत बसू नये, टाकून द्यावे. भुसा दाबून केलेली स्वयंपाकघरातली कपाटे फुगतात, तीही जातात. त्यांच्या मागची भिंत विसरू नये. व्हिनाइलच्या फरशीखाली पाणी अडकून राहते, म्हणून वरून धड दिसली तरी ती उचलावी. पुराच्या पाण्यात मैला, इंधन, कीटकनाशके असे सगळे मिसळलेले असते. त्यामुळे हे काम एन-९५ मास्क, गॉगल, जाड हातमोजे आणि बूट घालूनच करावे. अंगावर जखम असेल तर त्या पाण्यात उतरूच नये.

उघडे पडलेले स्टड साबणाच्या पाण्याने ब्रशने घासावेत. नुसते ब्लीच फवारल्याने डाग फिका पडतो, बुरशी निघत नाही. घासून झाल्यावर ब्लीच वापरायचेच असेल तर एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाण्यात एक कप, याहून जास्त नको. अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये तर ते कधीच मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. बाहेरची हवा दमट असेल तर खिडक्या बंद करून डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारे यंत्र, चालवावा. बुरशी दिसू लागली असेल तर खोलीत पंखे फिरवू नयेत, तिचे बीजाणू घरभर जातात. एसीची हवा नेणाऱ्या डक्टमध्ये पाणी गेले असेल तर ते साफ होईपर्यंत एसीही बंदच.

आणि मग थांबायचे. हेच लोकांना जमत नाही. कंत्राटदाराला पुढचे काम गाठायचे असते, घरच्यांना कधी एकदा घर लागते असे झालेले असते. पण भिंत बंद करायची वेळ ओल मोजूनच ठरवावी. दोन टोकांचा ओलावामापक हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्याची टोके भिंतीच्या तळाशी आडव्या असलेल्या लाकडात, म्हणजे तळपट्टीत रुतवून पाहावीत. सर्वांत शेवटी वाळते ती तीच. प्रत्येक भिंतीत दोन-तीन ठिकाणी आकडा १५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय नवी ड्रायवॉल लावू देऊ नये. याला काही आठवडे लागतात. पूर्ण पैसे आगाऊ तर कोणालाच देऊ नयेत.

मोठ्या दुरुस्तीआधी स्थानिक बांधकाम कार्यालयाचा परवाना लागतो. पूरक्षेत्रातल्या घराच्या दुरुस्तीचा खर्च जमीन वगळून घराच्या बाजारभावाच्या ५० टक्के किंवा अधिक निघाला, तर सध्याच्या नियमांप्रमाणे घर उंच करण्यासारखी कामे करावी लागू शकतात. सरकारी पूरविम्यात अशा कामासाठी ३० हजार डॉलरपर्यंतची वेगळी तरतूद आहे, ती मागावी लागते. नुकसानीचा सही केलेला दावा साधारणपणे ६० दिवसांत द्यायचा असतो.

आपल्या लोकांना हमखास अडणारी एक गोष्ट. फेमाची, म्हणजे अमेरिकी सरकारच्या आपत्ती-मदत संस्थेची, आर्थिक मदत नागरिक, ग्रीनकार्डधारक अशा ठरावीक वर्गांनाच मिळते. एच-१बी या नोकरीच्या किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाला स्वतःच्या नावाने मिळत नाही. मात्र घरात अमेरिकी नागरिक असलेले अल्पवयीन मूल असेल, तर त्याच्या सोशल सिक्युरिटी नंबरवर पालकांना अर्ज करता येतो. हे ठाऊक नसल्याने अर्ज न करताच मुदत संपू शकते. निवारा, अन्न, पाणी अशी तातडीची मदत व्हिसा न पाहता सर्वांना असते.

नेहमीच्या गृहविम्यात पुराचे नुकसान धरलेले नसते. सरकारी पूरविमा वेगळा घ्यावा लागतो आणि नवीन पॉलिसी सहसा ३० दिवसांनी लागू होते. जूनसाठी ती एप्रिलअखेरपर्यंत घ्यायला हवी. म्हणून आपणास विनंती, की ही माहिती दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला छापावी. वादळाला नाव पडल्यावर छापली, तर विम्याचा भाग कोणाच्याच उपयोगी पडणार नाही.

आपले,
घरदुरुस्तीच्या कामातले काही वाचक