दर बुधवारी कॉमिक्सच्या दुकानात जाणाऱ्या माझ्या आतेभावास

प्रिय दादा,

आपल्यात आभार-बिभार मानायची पद्धत नाही. फोनवर म्हटलं असतं तर "गप गं" म्हणून तू विषय बदलला असतास. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

ऑक्टोबर 2024 मध्ये तू न्यू जर्सीहून 'ॲब्सोल्यूट बॅटमॅन' या, बॅटमॅनची गोष्ट नव्याने सांगणाऱ्या कॉमिक मालिकेचा पहिला अंक पाठवतो म्हणालास, तेव्हा मी नको म्हटलं होतं. बॅटमॅन माझ्या मनातून कधीच उतरला होता. राजवाड्यात राहायचं, नोकराच्या हातचं जेवायचं आणि रात्री जाऊन भुरट्या चोरांची हाडं मोडायची, यात मला काही थोर दिसत नव्हतं. तू वाद घातला नाहीस. एवढंच म्हणालास, "यातला ब्रूस, म्हणजे मुखवट्याआडचा बॅटमॅन, पैसेवाला नाही. तुझ्यासारखा शहराचा इंजिनिअर आहे. वाच आणि मग बोल."

कुरिअरने आलेला अंक मधोमध दुमडलेला निघाला. तू न कुरकुरता दुसरा घेतलास आणि आत्याच्या बॅगेत साड्यांच्या घडीत घालून पाठवलास. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर वाचायला बसले आणि दिवेलागणीपर्यंत तिथेच होते. एकच अंक, तीनदा वाचला.

चोवीस वर्षांचा ब्रूस. वडील थॉमस शाळामास्तर, प्राणिसंग्रहालयातल्या गोळीबारात गेलेले. मूळ गोष्टीत आईवडील दोघंही मारले जातात, इथे आई मार्था मात्र जिवंत! 1939 पासून चालत आलेल्या या गोष्टीत हा एकच बदल केला असता तरी मला पुरला असता. ज्याची आई घरी वाट बघतेय तो माणूस रात्री बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या प्रत्येक जखमेचा हिशोब आणखी कुणालातरी चुकवायचा असतो. पुढे ज्यांना आपण खलनायक म्हणून ओळखतो ते ओस्वाल्ड, एडी, वेलन, हार्वी इथे त्याचे लहानपणचे दोस्त आहेत. आणि आल्फ्रेड नोकर नाही, त्याच्यावर पाळत ठेवायला आलेला ब्रिटिश गुप्तहेर आहे. लेखक स्कॉट स्नायडरने नुसती श्रीमंती काढून घेतलेली नाही, तिच्या जागी माणसं आणून बसवली आहेत. माझ्या मते ही मालिका इतकी धरून ठेवते ती याचमुळे.

निक ड्रॅगोटाच्या चित्रांबद्दल तू भरभरून बोलायचास, ते आता पटतं. हा बॅटमॅन दारातून आत मावणार नाही एवढा थोराड. छातीवरचं वटवाघूळ उपसलं की त्याची कुऱ्हाड होते, कानांचे सुरे होतात. पानभर बारीक बारीक चौकटी, श्वास कोंडल्यासारख्या, आणि पान उलटलं की अख्खं पान व्यापून तो एकटा उभा. पैसा नाही म्हटल्यावर अंगावरचीच प्रत्येक गोष्ट हत्यार झाली पाहिजे, हा विचार मला इंजिनिअर म्हणून फार भावला.

एक तक्रार आहेच, तुला माहीत आहे. बेन या खलनायकाच्या प्रकरणात मित्रांचे जे हाल दाखवलेत ते मला सोसले नाहीत. वेलनचं जे झालं ते वाचून अंक दोन दिवस पालथा ठेवला होता. तुझं म्हणणं, ते तसंच लागायला हवं. मला अजूनही वाटतं की थोडं कमी रक्त सांडून तेवढंच दुखवता आलं असतं. पण दुखलं ते वेलनसाठी. दोनचार अंकांत एवढी माया लावणं सोपं नाही, हेही कबूल.

आता मूळ मुद्दा. तेव्हा मी नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झाले होते. ड्रेनेजच्या कामावर होते. दिवसभर चेंबर उघडून बघायचे, तुंबलेल्या लाइनी जुन्या नकाशांवर शोधायच्या, आणि घरी आलं की "एवढं शिकून हेच का?" ऐकायचं. मीही तेच म्हणायला लागले होते. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तरी तुला कळलं. एवढ्या कॉमिक्समधून तू मला नेमकी हीच धाडलीस. आपल्या शहराच्या पोटात काय आहे ते ठाऊक असलेला नायक मी पहिल्यांदाच बघितला. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना पाय जड नव्हते.

तेव्हापासून दर महिन्याला तू बुधवारी ऑफिस सुटल्यावर दुकानात जातोस, माझ्यासाठी वेगळी प्रत घेतोस, प्लॅस्टिकच्या पिशवीत मागे पुठ्ठा लावून ठेवतोस आणि भारतात येणारं कुणीतरी गाठतोस. आत तुझ्या तिरक्या अक्षरातली चिठ्ठी असते. चौथ्या अंकात लिहिलं होतंस, "इथे चित्रकार वेगळा आहे, घाई करू नकोस." गाब्रिएल वाल्टाची ती शांत, उदास पानं मी खरंच सावकाश वाचली. त्या सगळ्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्यात.

खूप खूप आभार, दादा. आता "गप गं" म्हण.

आत्या पुढच्या महिन्यात येतेय. तिच्या बॅगेत जागा ठेवायला सांगितलंय. 'ॲब्सोल्यूट वंडर वुमन'चा पहिला अंकही घाल, आणि चिठ्ठी विसरू नकोस.

तुझी,
धाकटी