विरोधी बाकांवरचे सेहेचाळीस जण

कोल्हापूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

नव्या सरकारचे कायदे आणि विरोधकांचे वागणे यांविषयी इथले लोक काय म्हणतात, असे तू विचारलेस. लोकांचे राहू दे, माझे मत कळवतो.

भाजपचे १३२, शिंदे यांच्या शिवसेनेचे ५७ आणि अजित पवार यांच्या राष्ट्रवादीचे ४१ आमदार निवडून आल्यावर, ५ डिसेंबर २०२४ रोजी सत्तेवर आलेल्या फडणवीस सरकारचे विधेयक विधानसभेत अडण्याचा प्रश्नच उरला नव्हता. समोर ठाकरे यांचे २०, काँग्रेसचे १६ आणि शरद पवार यांचे १० आमदार. लोकसभेला शाहू महाराजांना निवडून देणाऱ्या आपल्या जिल्ह्यात तर सहा महिने उलटायच्या आत महाविकास आघाडीला दहापैकी एकही जागा मिळाली नाही. पक्षाकडे सभागृहातल्या किमान दहा टक्के जागा हव्यात, असा संकेत पुढे करून विरोधी पक्षनेतेपदही अडकवून ठेवले गेले. हा अन्यायच आहे. दिल्लीत २०१५ साली ७० पैकी अवघे तीन आमदार असताना भाजपला ते पद मिळाले होते.

तरीही विरोधकांची संख्याबळाची सबब मला, कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदेशीर कृत्यांना आळा घालण्यासाठी म्हणून आणलेल्या जनसुरक्षा विधेयकापुरती पटत नाही. आधीच्या सरकारने जुलै २०२४ मध्ये आणलेले हे विधेयक डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात पुन्हा मांडले गेले आणि संयुक्त समितीकडे गेले. त्या समितीत विरोधकांची मातब्बर मंडळी होती आणि लोकांकडून बारा हजारांहून अधिक सूचना आल्या होत्या. तपासाचे अधिकार पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देण्यासारखे काही बदल तिथे झाले, हे मान्य. पण ‘बेकायदेशीर कृत्या’ची सैल व्याख्या, जिच्यात प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास प्रोत्साहन देणेही बसते, ती तशीच राहिली, आणि समितीच्या अहवालाला कोणी भिन्नमतपत्रिका, म्हणजे असहमतीची लेखी टिपणी, जोडली नाही. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेत स्पष्ट विरोध नोंदवला तो माकपच्या विनोद निकोले यांनी. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांचा सभात्याग झाला आणि मग राज्यपालांना साकडे! जे समितीच्या बैठकीत कलमागणिक भांडून कागदावर आणायचे, ते राजभवनाच्या दारात सांगून काय उपयोग?

ज्या शहरात २०१५ साली कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तिथे ‘कडव्या डाव्या संघटना’ हे शब्द कायद्यात वाचताना माणूस थबकतोच. शिवाय नागपूर ते गोवा अशा शक्तिपीठ महामार्गाचा विषय आहेच. मूळ आराखड्यात सुमारे ८०२ किलोमीटरच्या असलेल्या या रस्त्याला आपल्या भागातल्या शेतकऱ्यांचा विरोध आहे. उद्या मोजणीला आलेल्या अधिकाऱ्यांना बांधावरून परत पाठवणारी माणसे त्या व्याख्येत बसतात की नाही, हे कोण ठरवणार? रोख नक्षलवादावर आहे, सामान्य आंदोलकावर नाही, असे मुख्यमंत्री सांगतात. त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही, परंतु कायदा पुढच्या सरकारच्याही हाती राहणार असतो.

परिषदेतले विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांची मुदत ऑगस्ट २०२५ मध्ये संपली आणि तिथलेही ते पद रिकामे झाले. तू नागपुरातच आहेस, तेव्हा हिवाळी अधिवेशनात गॅलरीचा पास मिळाला तर एवढे पाहा, की या कायद्याखालच्या, संघटनेवरची बंदी तपासून पाहणाऱ्या सल्लागार मंडळाबद्दल आणि नियमांबद्दल विरोधी बाकांवरून कोणी तपशीलवार प्रश्न विचारतो का, आणि विचारलाच तर उत्तर मिळेपर्यंत जागेवर बसून राहतो का. जे दिसेल ते सविस्तर लिही.

वहिनींना नमस्कार.

तुझा स्नेही