नेत्रदानाच्या अर्जावर संशोधनाचाही रकाना हवा

महोदय,

माझ्या आईला सकाळी उठल्यावर अंगणातली तुळस धूसर दिसते आणि दुपारपर्यंत तीच तुळस स्पष्ट होत जाते. तिच्या डोळ्याच्या पारदर्शक पटलाच्या, म्हणजे कॉर्नियाच्या, आतल्या अंगाच्या पेशी कमी झाल्या आहेत. रात्री पापण्या मिटलेल्या असताना पटलात साचणारे पाणी त्यांना पुरेसे उपसता येत नाही, दिवसा त्यातले थोडे उडून जाते. या पेशींचा एकच थर असतो आणि तो ज्या डेसिमेट नावाच्या पापुद्र्यावर बसतो, तो पापुद्राही याच पेशी तयार करतात. जन्मतः त्याची जाडी सुमारे ३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, प्रौढपणी सुमारे १० मायक्रॉन.

शरीरात या पेशी जवळजवळ विभागतच नाहीत. प्रयोगशाळेत मात्र त्या वाढवता येतात आणि भांड्याच्या तळाशी त्या कोलॅजन या प्रथिनाचे, म्हणजे पापुद्र्याच्या मुख्य घटकाचे, थर कसे अंथरतात हे पाहिले, की आजारात पापुद्रा जाड व खडबडीत का होतो, हे उलगडू लागते. जपानमधील क्योटो येथे अशा वाढवलेल्या पेशी डोळ्यात सोडून ११ रुग्णांवर केलेले उपचार २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, हे मला फार मोलाचे वाटते.

यासाठी दात्यांचे डोळे लागतात, तेही मृत्यूनंतर साधारण सहा तासांत काढलेले. मराठवाड्यातल्या वाडी-तांड्यांवरून एवढ्या वेळात निरोप पोहोचणेही कठीण जाते. निदान तालुक्याच्या ठिकाणी प्रशिक्षित माणूस नेमावा आणि प्रत्यारोपणास अयोग्य ठरलेली पटले संशोधनाला देण्याची संमती नातेवाइकांकडून त्याच अर्जावर घ्यावी, अशी आरोग्य विभागाला विनंती आहे.

– एक वाचक, परतूर (जि. जालना)