चवळीच्या पिशवीवर रोगाचं नाव छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कराड तालुक्यात कृष्णाकाठी आमची सव्वा एकर जमीन आहे. ऊस तुटून गेला की उन्हाळ्यात थोड्या रानात भाजीची चवळी करते, त्याला वीस वर्षं झाली. यंदा मार्चच्या पहिल्या आठवड्यात १२ गुंठ्यांत दोन किलो बी टोकलं. पिशवीवर ‘व्हायरसला प्रतिकारक’ असं ठळक छापलं होतं, म्हणून घरचं बी मागं ठेवलं आणि जास्तीचे पैसे मोजले.

तिसरं पान फुटतंय तोवर सरीत मधूनमधून काही रोपं वेगळी दिसायला लागली. शिरांच्या कडेनं गडद हिरवा पट्टा, मधला भाग फिका, पान आखडलेलं. तेव्हा रानात मावा, म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक कीड, नव्हता. भांगलताना मी पानं उलटून बघितली होती. पुढं ढगाळ हवेत काळा मावा आला आणि महिन्याभरात निम्मं रान तसं झालं. दोन फवारण्या केल्या. मावा मेला, रोग काही थांबला नाही.

रोपं उपटून कृषी विज्ञान केंद्रात नेली. तिथल्या ताई म्हणाल्या, प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय विषाणूचं नाव सांगणार नाही, पण लक्षणं माव्यानं पसरणाऱ्या मोझॅकची, म्हणजे पानावर गडद-फिके पट्टे आणणाऱ्या विषाणूरोगाची आहेत. हा रोग बियातूनही येतो. मावा रोगट पानात सोंड खुपसून काही क्षणांत विषाणू उचलतो आणि तितक्याच वेळात शेजारच्या झाडाला देतो. औषधानं तो मरेपर्यंत काम झालेलं असतं. पान पिवळंजर्द करणारा मोझॅक निराळा, तो पांढऱ्या माशीमुळं पसरतो. एकाला दाद न देणारा वाण दुसऱ्यापुढं टिकेलच असं नाही.

मग माझ्या पिशवीवरचा व्हायरस कोणता? दुकानदाराला सांगता आलं नाही. कंपनीच्या माणसाला फोन केला तर म्हणाला, “पिवळ्यावर चालतो.” हे दोन शब्द पिशवीवर असते तर मी ती घेतली नसती. उगवण ७५ टक्के, शुद्धता ९८ टक्के हे आकडे तेवढे नीट छापलेले आहेत. रोगाचं नाव घेऊन सांगणं अवघड नाही. वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेनं ‘काशी कांचन’ हा वाण दिला तो गोल्डन मोझॅकला, म्हणजे त्या पिवळ्या मोझॅकला, प्रतिकारक म्हणून. ‘पुसा कोमल’ जिवाणूजन्य करप्याला प्रतिकारक आहे, तो तर व्हायरसही नव्हे. आपल्या दुकानात मात्र सगळे वाण नुसते ‘रोगप्रतिकारक’ म्हणून विकले जातात.

आणखी एक गोष्ट मला कृषी विज्ञान केंद्रातच कळली, आणि ती जास्त लागली. बांधाकडेला मी घरच्या तांबड्या चवळीच्या दोन ओळी घातल्या होत्या. तिच्यावरही पट्टे आले, पण उशिरा, आणि शेंगा भरपूर लागल्या. मी अभिमानानं तेच सांगत होते. ताई म्हणाल्या, ही प्रतिकारक नसावी, सहनशील असेल. प्रतिकारक झाड विषाणूला वाढू देत नाही, सहनशील झाड तो अंगावर वागवतं आणि त्याच्या बियातून तो पुढं जाऊ शकतो. सासूबाई बियासाठीच्या झाडाला कोवळेपणीच चिंधी बांधायच्या. एक पान जरी आखडलेलं दिसलं तरी त्या झाडाचं बी धरायच्या नाहीत. मी मात्र गेली काही वर्षं शेंग बघून बी धरत आले, आणि तेच ओंजळ ओंजळ गावभर वाटलं.

माझी मागणी दोन गोष्टींची. पिशवीवर रोगाचं नाव यावं आणि वाण प्रतिकारक आहे की सहनशील, हेही यावं. दुसरं, कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र आणि बोरगावचं कृषी विज्ञान केंद्र यांनी उन्हाळ्यात आपल्या भागातच चवळीचे वाण शेजारी शेजारी लावून, कुठल्यावर कोणता मोझॅक आला ते शेतकऱ्यांना दाखवावं. गावरान चवळीही त्यात घ्यावी. मी बी द्यायला तयार आहे.

यंदा मी बियाला एकही शेंग ठेवली नाही. पलूसला बहिणीनं माझंच घरचं बी घातलंय. उगवल्यापासून पंधरा दिवस रोज सकाळी रानात फिर, आखडलेलं रोप दिसलं की मावा यायच्या आत उपटून पुरून टाक, असं तिला कळवलं आहे.

— एक शेतकरी महिला, ता. कराड, जि. सातारा