अर्जाच्या पाठीमागचा मजकूर

आदरणीय डॉक्टरसाहेब,
स. न. वि. वि.

भूम तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर तुम्ही २०११ साली शिमग्याच्या आधी आला होता. तुम्हाला आठवायचं काही कारण नाही, गुरांच्या दवाखान्यातल्या माणसानं अशी किती शेरडं उलटीपालटी केली असतील. मी आठवीत होते. बॅटरी धरायचं काम माझ्याकडं होतं आणि तुम्ही दोनदा खेकसला होता, "पोरी, उजेड माझ्या हातावर धर, तोंडावर नको." ती मी.

आदल्या दिवशी दुपारी आमची शेरडं दावं तोडून तात्यांच्या, म्हणजे माझ्या सख्ख्या चुलत्यांच्या खळ्यात शिरली. मळणी झालेली, ज्वारीची रास उघडीच. एक सोडून बाकी अकरा तुटून पडली. बांधावरून आमचं आणि त्यांचं आधीच बोलणं बंद होतं. तात्या काठी घेऊन धावले आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं म्हणाले, "पुन्हा आली तर जिती जायची नाहीत." दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दोन मेली. मान मागं टाकलेली, पाय झाडत, अर्ध्या तासात खेळ खलास. दिवस मावळायच्या आत आणखी दोन गेली, त्यातलाच एक अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जत्रेसाठी राखलेला काळाभोर उस्मानाबादी बोकड. लंगडी म्हणून मागं राहिलेली एक पाठ, म्हणजे तरणी शेळी, मात्र ठणठणीत. यात कुणाला काही वेगळं दिसलं असतं का, सांगा. खळ्यात विष कालवलं, एवढाच अर्थ निघत होता. ठाण्यात द्यायचा अर्ज लिहून तयार होता. अक्षर चांगलं म्हणून तो माझ्याकडूनच लिहून घेतला होता. तात्यांचं पूर्ण नाव मी शाळेत शिकवलं होतं तसं, अधोरेखित करून लिहिलं होतं.

तेवढ्यात तुमची मोटारसायकल आली. दवाखाना बंद करून, भर अंधारात. खाटकाला तुम्ही बाहेरच्या बाहेर हाकललंत, हे अण्णांना तेव्हा फार लागलं होतं. चार जनावरांचे चार पैसे तरी आले असते, असं ते पुढं वर्षभर म्हणायचे. तुम्ही बोकडाचं पोट उघडलंत. आतडं लालभडक, आत रक्ताळलेलं पाणी आणि न पचलेले ज्वारीचे दाणे. "मेंढरू असतं तर मूत्रपिंडाचा लगदा झालेला दाखवला असता, शेळीत आतडं बघायचं," असं तुम्ही स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणालात. बाटलीत नमुना घेतलात आणि अण्णांना म्हणालात, "आंत्रविषार. कुणी काही घातलेलं नाही. हा जंतू शेळीच्या पोटात कायमच मुक्कामाला असतो, थोडाथोडका. कडब्यावर वाढलेल्या जनावरानं एकदम पोटभर दाणा खाल्ला की तो पचत नाही, तसाच पुढं सरकतो, आणि मग या जंतूची चंगळ."

अण्णांना पटेना. पोटातल्या पोटात विष कसं तयार होईल? मग तुम्ही खिशातला घडीचा चाकू काढलात. मिटलेलं पातं त्यांच्या तळहातावरून फिरवलंत. "जंतू विष सोडतो ते असं, मिटलेलं. शेळीचाच पाचकरस ते उघडतो." आणि पातं उघडून दाखवलंत. अण्णा बराच वेळ त्या पात्याकडं बघत बसले.

आज मी संभाजीनगरला जंतूंच्या विषांवरच काम करते. नेमकं तुमचं नाही, त्याच्या चुलत घराण्यातलं: गळवं करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसचं अल्फा-हिमोलायसिन. एम.एस्सी.ला पहिल्यांदा मेंढीच्या रक्ताच्या बशीवर तो जंतू वाढवला. सकाळी बघते तर प्रत्येक ठिपक्याभोवती रक्त नाहीसं होऊन नितळ कडं पडलेलं. सरांनी त्याला इंग्रजी नाव सांगितलं, माझ्या तोंडून निघालं, "खळं!" चंद्राला पडतं ते. आणि त्याच क्षणी मला तुम्ही, बॅटरी आणि तात्यांचं खळं, सगळं एकदम आठवलं. पत्र तेव्हापासून मनात आहे.

रागावणार नसाल तर सांगते, तुमचा चाकू निम्माच बरोबर होता. पहिला निम्मा अगदी पक्का. तुमच्या त्या जंतूचं, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचं एप्सिलॉन विष खरंच निरुपद्रवी रूपात बाहेर पडतं. स्वादुपिंडातून येणारं ट्रिप्सिन, म्हणजे तुम्ही म्हणालात तो पाचकरस, त्याची दोन्ही टोकं छाटतं. त्यातलं शेपटाकडचं टोक म्हणजे कुलूपच, ते जागेवर असेपर्यंत विषाचे रेणू एकमेकांना जोडले जात नाहीत.

पण पुढं हे विष काही कापत नाही. ते बांधकाम करतं. पेशीचं आवरण, त्याला भिंतच म्हणू, म्हणजे तेलकट रेणूंचा दुहेरी थर, पाण्यातल्या गोष्टीला आरपार जाऊ न देणारा. एकटा रेणू तिथं काहीच करू शकत नाही. सात जण येऊन भिंतीवर गोल करून बसतात. प्रत्येकानं प्रथिनाच्या साखळीचा एक दुपदरी भाग अंगाशी घडी घालून धरलेला असतो. गोल पुरा झाला की सातही घड्या उलगडून खाली भिंतीत उतरतात. सात जणांचे दोन-दोन पदर, म्हणजे चौदा. तुराट्या शेजारीशेजारी लावून आपण कणगी करतो ना, तशी चौदा पदरांची कणगी भिंतीत उभी राहते, फक्त तिला बूड नसतं. माझ्या स्टॅफिलोकॉकसच्या विषाचीही हीच रचना. १९९६ साली तिचं पहिलं बारीक चित्र मिळालं. उंची दहा नॅनोमीटर, आणि सगळ्यात अरुंद जागी छिद्र साधारण दीड नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा, त्यातल्या दीड भागाएवढं. तुमच्या शेळीच्या विषाच्या छिद्राचं असंच चित्र २०१९ मध्ये आलं. ते बघताना मी एकटीच हसत होते, शेजारच्या मुलीला कळेना काय झालं.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट त्या पदरांची आहे. पाण्यात विरघळणारी वस्तू तेलात शिरून राहतेच कशी? तर पदरावरचे दुवे एकाआड एक असतात. एक तेलाशी जमणारा, पुढचा पाण्याशी जमणारा. पदर ताणला की तेलाशी जमणारे सगळे बाहेरच्या बाजूला, भिंतीकडं तोंड करून येतात आणि पाण्याशी जमणारे आत, भोकाकडं. गोधडीला कशा दोन बाजू असतात, तसं. बाहेरून कुणी जोर लावत नाही, पेशीची शक्तीही खर्ची पडत नाही. घडीपेक्षा उलगडलेलं रूपच त्याला जास्त सोयीचं, म्हणून ते उलगडतं. एकदा भोक पडलं की आतलं पोटॅशियम बाहेर धावतं, सोडियम आणि पाणी आत. पेशी फुगते. तांबड्या पेशी फुटल्या की माझ्या बशीत खळं पडतं. तुमच्या बोकडात ते विष आतड्यातून रक्तात गेलं, मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला भिडलं आणि मेंदूला सूज आली. मान मागं टाकून पाय झाडत होता तो त्यामुळं. जत्रेचा बोकड का गेला, तेही आता कळतं. तोच सगळ्यात धट्टाकट्टा, रासेवर सगळ्यात जास्त त्यानंच खाल्लं.

तुम्हाला यातलं बरंचसं माहीत असणारच. अण्णांसमोर चौदा पदर काढून बसला असता तर ठाण्याची वाट मोकळी होती. चाकूच बरा होता.

आभार कशाचे मानू, हे नीट सांगते. चार शेरडं गेली ती गेलीच. लक्षणं दिसल्यावर फारसं काही करता येत नाही, हे तुम्ही तोंडावर सांगितलंत. उरलेल्यांचा दाणा बंद करायला लावलात, खोल खड्डा घेऊन वर चुना टाकायला लावलात, आणि पेट्रोलचे पैसे देऊ केले तर चहा मागितलात. चहा तात्यांच्या घरून आला. आमच्याकडं दूध नव्हतं, एक शेळी आटलेली आणि एक खड्ड्यात. काकूनं कप आणून ठेवले आणि अण्णांनी उचलला. एवढंच झालं. कुणी कुणाची माफी मागितली नाही. बांधाचं भांडण पुढंही बरीच वर्षं चाललं, ते सुटलं ते वेगळ्याच कारणानं.

निघताना तुम्ही लसीचं नाव आणि वेळ लिहून द्यायला कागद मागितलात. हाताशी एकच कागद होता. अर्ज उलटा करून त्यावर तुम्ही लिहिलंत: आंत्रविषार लस, पावसाळ्याआधी, पहिल्या वर्षी पंधरा दिवसांनी दुसरा डोस, मग दर वर्षी न चुकता.

तो कागद अजून रेशनकार्डाच्या पिशवीत आहे. आता तात्यांकडंही वीसेक शेरडं झाली आहेत. दर मे महिन्यात ते घरी येऊन तो कागद मागून घेतात, चष्मा लावून वाचतात आणि घडी घालून परत देतात. दुसरी बाजू त्यांनी कधी वाचली आहे की नाही, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

आपली,
बॅटरी धरणारी, अण्णांची थोरली